बी कधी पेरलं होतं?

अडेनियम पाळणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या फुलांचं कौतुक करू नये. तो हसून मान डोलावतो, पण मनातून खट्टू होतो. फुलं काय, रस्त्याकडेच्या नर्सरीतून काल आणलेल्या रोपालाही येतात. त्याला ऐकायचं असतं ते खालच्या मजल्याबद्दल. कुंडीच्या काठाला टेकलेला तो करड्या सालीचा गरगरीत बुंधा, आणि त्याच्या बुडातून पाय फाकवून बसलेली जाड मुळं. तिकडे बघून ‘अबब’ म्हणालात तर चहा येतो. ‘किती वर्षांचं?’ असं विचारलंत तर चहाबरोबर चकलीही येते, आणि मग तास-दीड तास तुमची सुटका नाही.

या फुगलेल्या भागाला हौशी मंडळी ‘कॉडेक्स’ म्हणतात. ज्याला कॉडेक्स आहे ते झाड त्यांच्या लेखी एकाच घराण्यातलं, मग वनस्पतिशास्त्र काही का म्हणेना. अडेनियम त्यात, पॅकिपोडियम त्यात, नोलिना त्यात, आणि बागांतून हमखास दिसणारी ती लाल तुऱ्याची ढेरपोटी जट्रोफाही त्यात. सोकोत्रा बेटावर तर काकडीच्या कुळातलं एक झाड आहे. वेल नव्हे, चांगलं जाडजूड बुंध्याचं झाड. काकडी, दुधी, कारलं अशी कुळातली बाकी सगळी मांडवावर चढून बसलेली. झाड होऊन स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं हे एकटंच.

आमच्या कुंभवलीत अशी झाडं पाळणं म्हणजे तसा उफराटा कारभार आहे. अडेनियमचं नाव ज्या गावावरून पडलं त्या एडनला वर्षाकाठी पाऊस पडतो पन्नास मिलिमीटरच्या आतबाहेर. आमच्या पालघरच्या किनारपट्टीवर दोन हजारांच्या वर. एडनचं वर्षाचं पाणी आमच्याकडे जुलैतल्या एखाद्या दुपारी पडून मोकळं होतं. त्यात एका अंगाला तारापूरची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली भातखाचरं. रोहिणी सरल्या की खाचरांचे मालक आभाळाकडे डोळे लावतात आणि आमच्या इमारतीतले काकाही लावतात. मागणी मात्र उलटी. एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या या काकांची गच्चीवर अडेनियमची पलटण आहे. पहिला ढग दिसला की ते हिरवी जाळी ओढतात, तिच्यावर निळी ताडपत्री बांधतात, कुंड्या एकेक करून मधोमध सरकवतात. ‘अजून आठ दिवस थांबला असता तर काय बिघडत होतं?’ असं पावसाला उद्देशून बोललेलं मी ऐकलेलं आहे. खाली शेतकऱ्यांनी ऐकलं असतं तर काकांचं काही खरं नव्हतं.

बुंधा फुगतो तो पाण्यासाठी. वर्षातले मोजके दिवस पाणी मिळणार, उरलेले महिने त्यावर काढायचे, म्हणून मिळेल तेवढं पोटात भरून ठेवायचं आणि पानं गाळून बसायचं, असा या झाडांचा संसार. त्यामुळे त्यांना मारायचा खात्रीचा उपाय म्हणजे आग्रह. आपल्याकडे पाहुण्याला ‘घ्या हो, एवढ्याने काय होतंय’ म्हटल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि नेमकं तेच या झाडाला सोसत नाही. काकूंचा हात सढळ. त्यांनी एका उन्हाळ्यात काका गावाला गेलेले असताना ‘बिचारी सुकलीयत’ म्हणून रोज तांब्याभर पाणी घातलं, तेव्हापासून गच्चीची किल्ली काकांच्या जानव्याला असते.

सकाळी काकांची फेरी निघते ती डॉक्टरांच्या राउंडसारखी. उजव्या हाताचा अंगठा बुंध्यावर दाबायचा, क्षणभर थांबायचं, पुढे जायचं. यातही शास्त्र आहे. बुंधा सगळीकडून सारखाच मऊ लागला तर झाड तहानलेलं आहे, पाणी दिलं की दोन-चार दिवसांत टणक होतं. पण एकाच जागी अंगठा रुतला आणि बाकी सगळं घट्ट असलं, तर आत कुज लागलेली आहे. मग पाणी बंद, झाड कुंडीबाहेर आणि सुरी हातात. सुरी स्पिरिटने पुसायची आणि कुजका भाग कापत जायचं. पहिली चकती तपकिरी आणि पाणचट निघते. दुसरीत तपकिरी कडी दिसते. तिसरीत नुसते ठिपके. तो शेवटचा ठिपका जाऊन मुळ्याच्या गरासारखा पांढरा, कोरडा गर दिसेपर्यंत थांबायचं नाही, कारण एक ठिपका राहिला तरी पंधरवड्यात सगळं मुसळ केरात. मग जखमेवर बुरशीनाशकाची पूड, काकांच्या हट्टाखातर वरून दालचिनीची, आणि उरलेलं झाड बिनमातीचं, बिनपाण्याचं सावलीत सुकत ठेवायचं. ते तसं कित्येक आठवडे मजेत राहतं. काकांनी एकदा असा रुग्ण कांद्या-बटाट्यांच्या टोपलीत ठेवला होता. अडेनियमचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत असत, ही माहिती त्यांनी त्याच आठवड्यात रात्री जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितली. काकूंनी भाजीची कढई जागेवरून उचलली आणि टोपली गच्चीवर गेली.

विषाचं एवढं कौतुक, पण पावसाळ्यात एक हिरवीगार, बोटाएवढी जाड अळी येते आणि रात्रीत अख्खं झाड बोडकं करते. कण्हेरीवर पोसणाऱ्या पतंगाची ही अळी. डोक्यामागे निळे डोळे काढल्यासारखे दोन ठिपके असतात. अडेनियम कण्हेरीच्याच नात्यातलं, तेव्हा तिला विष वगैरे काही बाधत नाही, मामाच्या घरी आल्यासारखी चरते. चाफा, सदाफुली, सप्तपर्णी, आणि उन्हाळ्यात टोपल्या भरभरून बाजारात येणारी आमची करवंदं, ही सगळी याच कुळातली. करवंदाच्या देठाला येणारा चिकट चीक आठवला की नातं पटतं.

आता मुळांबद्दल. झाडाला नुसतं पोट सुटून भागत नाही, पायही डौलदार लागतात. त्यासाठी रोप कोवळं असतानाच त्याचं सोटमूळ छाटतात, बाजूची मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूकडे फिरवतात आणि ती खाली न घुसता आडवी पसरावीत म्हणून तळाशी काहीतरी सपाट ठेवतात. फरशीचा तुकडा चालतो, बशी चालते, पण सर्वांत सोयीची जुनी सीडी. गोल, सपाट आणि न कुजणारी. दरवर्षी-दोन वर्षांनी कुंडी बदलताना झाड थोडं थोडं वर उचलायचं, की तेवढी मुळं उघडी पडतात आणि उजेडात आल्यावर बुंध्यासारखीच जाडावतात. घरातल्या गाण्यांच्या सीड्या संपल्यावर काकांनी कपाटातली लग्नाची सीडी घेतली. त्यांचा युक्तिवाद असा, की ती लावायचं यंत्रच आता घरात नाही. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाड मुद्दाम दाखवतात. ‘आमच्या लग्नावर ह्यांनी मुळं पसरवलीत,’ म्हणतात. झाड मात्र झोकदार झालंय, हे त्यांनाही मान्य आहे.

या झाडाला ‘लठ्ठ’ हे विशेषण लावणारा माणूस फार लवकर गेला. पेटर फोर्सकोल त्याचं नाव, लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या शोधासाठी धाडलेल्या तुकडीतला तो वनस्पतिशास्त्रज्ञ. १७६१च्या जानेवारीत ही मंडळी कोपनहेगनहून निघाली आणि १७६३च्या जुलैमध्ये फोर्सकोल येमेनमध्ये हिवतापाने वारला. उरलेले जहाजाने मुंबईला निघाले, त्यातले दोघे वाटेतच गेले आणि एक मुंबईत पोचून काही महिन्यांनी. जिवंत राहिला तो एकटा कार्स्टन निबूर. मुंबईत त्याने वर्षभराहून जास्त मुक्काम केला, घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली, मध्येच समुद्रमार्गे सुरतेलाही जाऊन आला. म्हणजे जाताना आमचा चिंचणी-तारापूरचा किनारा त्याच्या उजव्या हाताला होता. घरी परतल्यावर त्याने दोस्ताच्या टिपणांचं पुस्तक करून १७७५ साली छापलं. या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यात आहे. फोर्सकोलने त्याला कण्हेरीच्या वंशात घातलं होतं, एडनवरून ‘अडेनियम’ हा वेगळा वंश झाला तो पुढे १८१९ साली. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, ‘पण एवढ्या गडबडीत बी नाही आणलं कोणी.’

बियांचा विषय काकांच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आमच्याकडे अडेनियमला आपसूक शेंगा क्वचितच धरतात. पराग फुलाच्या नळीत खोल, पुंकेसरांच्या टोपणाखाली दडलेला. तिथवर पोचायला काका चष्म्यावर भिंग धरतात आणि बारीक ब्रशाने या फुलातला पराग त्या फुलात नेऊन ठेवतात. साधलं तर दोन शिंगांसारखी जोडशेंग येते. ती पिकायला आली की दोऱ्याने बांधून टाकायची. नाहीतर एका दुपारी तडकते आणि दोन्ही टोकांना कापसाचे झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर थेट एमआयडीसीच्या दिशेने उडून जातात. ताजं बी आठवड्याच्या आत रुजतं. आणि काय रुजतं! दुसऱ्या रोपांचे कोंब काडीसारखे वर येतात. अडेनियमचा कोंब येतो तोच मुळी पोट घेऊन. दोन इवली पानं आणि खाली हरभऱ्याएवढी फुगीर गाठ. फांदी लावूनही अडेनियम जगतं, फुलतंही, पण तो उपजत बुंधा तिला नसतो. तो बियांचाच. शिवाय बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं. कोणाचं पोट गोल, कोणाचं सुरईसारखं, कोणी नुसतंच उंच वाढून बापाचं नाव घालवणारं.

आता असं बघा, फुगलेल्या झाडांचं पालघर जिल्ह्याला नवल असायचं कारण नाही. थंडीत बोईसरच्या बाजारात करांदे येतात, कोनफळं येतात. वालाच्या शेंगा आणि कोनफळाशिवाय आमच्याकडची उकडहंडी होत नाही. दक्षिण आफ्रिकेत या करांद्याच्या वंशातला एक भाऊबंद आहे, त्याचा कंद जमिनीवरच असतो, कासवाच्या पाठीसारखी भेगाळ साल असलेला. जगभरचे हौशी त्याच्यासाठी वाटेल तो पैसा मोजतात. त्याचा इथला भाऊ वाट्यावर मिळतो आणि मिठाच्या पाण्यात उकडून खातात. शेवग्याचंही तेच. कोवळ्या रोपाचं मूळ गाजरासारखं फुगीर असतं, साहेब लोक ते किसून जेवणात तोंडी लावत. शेवग्याचा मादागास्करमधला चुलतभाऊ बाटलीसारखा बुंधा घेऊन उभा असतो, आणि त्याचे लोक फोटो काढतात. गोरखचिंच तर या साऱ्यांचा आजोबा. आफ्रिकेतून समुद्रावरून आलेली ती झाडं वसईच्या किल्ल्यात जाऊन कोणीही पाहावीत, पाच-सात जणांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करावा. ती कुंडीत मावत नाहीत, म्हणून त्यांना कोणी बक्षीस देत नाही, एवढंच.

कुंडीत मावणाऱ्यांसाठी प्रदर्शनं असतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेचं साधारण त्याच हंगामात. काकाही दर थंडीत कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनाला एखादं झाड नेतात. त्याची तयारी दिवाळीनंतर लगेच. फांद्या छाटायच्या, उरलेली पानं काढायची, पाणी तोडायचं, म्हणजे नेमक्या वेळेला कळ्या येतात. फुलं दुय्यम खरी, पण बोडकं झाड घेऊन लग्नाला कसं जायचं? मग बुंधा ओल्या फडक्याने पुसायचा, वरच्या मातीवर बारीक खडी पसरायची आणि झाड गोणपाटात गुंडाळून डहाणूहून येणाऱ्या लोकलच्या मालडब्यात चढवायचं. एकदा मीही सोबत होतो. शेजारी मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींनी गोणपाटातून डोकावणाऱ्या बुंध्याकडे बराच वेळ पाहिलं.

‘दादा, सुरण कितीला घेतला?’

‘सुरण नाही मावशी, अडेनियम.’

‘भाजी करतात?’

‘नाही हो. विषारी असतं.’

मावशींनी टोपली हातभर लांब सरकवली. ‘मग घेतलं कशाला?’

केळवे रोड गेलं तरी काकांना उत्तर सुचलं नव्हतं. वास्तविक उत्तर सोपं होतं. दाखवायला. हौस म्हणजे अर्धी तीच असते. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाच्या धक्क्यांची रांग लागली, ते हादरे आमच्यापर्यंत जाणवत. इमारतीतली सगळी माणसं धावत खाली उतरायची आणि काका धावत वर चढायचे. झाडाला काही झालं असतं तर गेली अमुक इतकी वर्षं त्यांनी काय केलं, हे दाखवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

आणि माझी तक्रार इथेच आहे. प्रदर्शनात काकांच्या झाडाशेजारी त्याच्या दुप्पट जाड बुंधा येऊन बसतो. बघणारे तिकडे वळतात, मोबाइल तिकडे वळतात, पंचांची मानही तिकडेच वळते. तो बुंधा मालकाने बहुधा मागच्याच महिन्यात विकत घेतलेला असतो. विकत घ्यायला माझी हरकत नाही, पैसे ज्याचे त्याचे. पण त्या झाडाने जी वर्षं पोटात साठवली ती त्याच्या मालकाच्या गच्चीवरची नाहीत, दुसऱ्याच कोणाच्या तरी पाणी घालण्याची आणि न घालण्याची आहेत. वर पुन्हा जाडी म्हणजे वय असंही नाही. कुंडीऐवजी मोकळ्या जमिनीत लावलं, खत दिलं, की अडेनियम झपाट्याने फुगतं. ते उपटून कुंडीत बसवलं की झालं आजोबा. खोटं पकडायला झाड कापून बघायचं कोणाच्या मनात येत नाही, म्हणून मालक सांगेल ते वय. एका गृहस्थांचं झाड दर प्रदर्शनाला तीन-तीन वर्षांनी मोठं होत असलेलं मी पाहतो आहे.

हा नुसता बढाईचा मामला असता तर हसून सोडून दिला असता. पण तयार वय हवं असणारी माणसं वाढली की ते कुठून तरी आणावं लागतं. गेल्या काही वर्षांत जपानमध्ये मादागास्करच्या बुटक्या, गोल पॅकिपोडियमचं वेड शिरलं. खडकांच्या फटींत कित्येक वर्षं हळूहळू फुगलेली झाडं उपटायची, मुळं छाटायची आणि विमानाने पाठवायची. तिकडे मूळ फुटलं तर फुटलं, नाहीतर काही दिवस टेबलावर शोभा. पॅकिपोडियमच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहेत, तरी हे झालं. पुढे तिथल्याच हौशी लोकांतून बीपासून वाढवलेल्या रोपांना वेगळा मान मिळू लागला, हे त्यांचं शहाणपण. आपल्या सह्याद्रीतही असे पोटधारी आहेत. खंडाळ्याचं आणि पाचगणीचं नाव मिरवणाऱ्या, जमिनीत जाड कंद दडवून बसणाऱ्या दोन युफोर्बिया, ज्यांचं वर्णन मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातल्या फादर ब्लाटर यांनी सहकाऱ्यांबरोबर केलं. आणि कड्यांवरची कंदीलपुष्पं. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती जगात फक्त इथेच आहेत. ट्रेकला जाताना पिशवीत खुरपं घेणारे हौशीही मी पाहिले आहेत. त्यांना चकली मिळता कामा नये.

म्हणून प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. झाडापुढच्या चिठ्ठीवर आत्ता झाडाचं नाव असतं आणि मालकाचं असतं. तिथे आणखी दोन ओळी छापा: ‘बी कधी पेरलं?’ आणि ‘कोणी पेरलं?’ ज्याने विकत घेतलं त्याने खुशाल ‘विकत’ लिहावं, त्याचा वेगळा गट करा, त्यालाही करंडक द्या, हवा तर काकांपेक्षा मोठा द्या. पण बीपासून वाढवलेल्यांची रांग वेगळी लावा, मग त्यातली झाडं लिंबाएवढी का असेनात.

आणि तुम्हाला बी हवं असेल तर काकांच्या शेंगा उन्हाळ्यात, साधारण एप्रिलच्या सुमाराला तडकतात. मागितलं की देतात. फक्त गच्चीवर गेल्यावर आधी फुलांकडे बघू नका.